इम्प्लांटच्या डबीवरचं ते स्टिकर आम्हाला द्या की, डॉक्टर

प्रति,
दाताचं इम्प्लांट बसवणाऱ्या समस्त डॉक्टर मंडळींना,
(आणि रविवारी बॅग घेऊन येणाऱ्या व्हिजिटिंग सरांना पण)

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. कराडला माझं टू व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. काउंटरवर कोणी येऊन नुसतं "क्लच प्लेट द्या" म्हणाला की माझे प्रश्न सुरू होतात, गाडी कुठली, मॉडेल कुठलं, साल कुठलं, बीएस फोर का बीएस सिक्स. माहीत नसेल तर आरसी काढ म्हणतो, ती पण नसेल तर चेसिस नंबरचा फोटो मागव म्हणतो. आणि एखादा महाभाग असतोच जो म्हणतो "काळ्या रंगाची गाडी आहे हो, तुम्ही द्या ना अंदाजानं". त्याला मी हात जोडतो. हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी तो काळ्या गाडीवाला मी स्वतः झालो होतो, आणि माझ्यासमोर काउंटरपलीकडं तुम्ही मंडळी होता.

झालं असं. २०१५ साली माझी खालची उजवीकडची दाढ गेली. चूक माझीच होती, रूट कॅनल केलं आणि कॅप बसवायला पैसे नाहीत म्हणून तशीच ठेवली, बारा वर्षं चालली आणि एक दिवस फुटाणे खाताना उभी चिरली. काढायलाच लागली. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासायला लागणार होते, ते काय मनाला पटेना, आणि वडिलांची कवळी रात्री वाटीत बघून बघून तो प्रकार तर नकोच होता. मग डॉक्टरांनी इम्प्लांटचं सांगितलं. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तीन महिने थांबायचं, हाड त्याला धरतं, मग वर अबटमेंट, म्हणजे कॅप धरणारा खुंट, तो छोट्या स्क्रूनं आवळायचा, आणि त्यावर कॅप. मला तर लगेच समजलं, आमच्याच लाईनचं काम की. अठ्ठावीस हजार झाले. माझ्या त्या वेळच्या दोन महिन्यांच्या कमाईइतके, पण दिले.

आता आमच्यासारख्या गावात हे काम कसं होतं ते तुम्हाला माहितीच आहे. दवाखाना एका डॉक्टरांचा असतो, इम्प्लांट बसवायला दुसरे सर येतात, पुण्याहून नाहीतर कोल्हापूरहून, महिन्यातनं दोन रविवार. सोबत ॲल्युमिनियमची पेटी. त्या पेटीत सगळं त्यांचं स्वतःचं, मोटर, ड्रिल, स्क्रू, पाने. दिवसात सहा पेशंट करून सर संध्याकाळच्या गाडीनं परत. काम एकदम छान झालं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट आजही मी त्या सरांचं नाव आदरानं घेतो. तक्रार फक्त कागदाची आहे. मला जो कागद मिळाला त्यावर एवढंच होतं, "इम्प्लांट + कॅप, ४६, रु. २८,०००, पेड". हे ४६ काय ते मला कळेना, मला वाटलं स्क्रूचा साईज असेल. नऊ वर्षांनी कळलं की ४६ म्हणजे तो दात. तुमच्यात प्रत्येक दाताला नंबर असतो, खालच्या उजव्या पहिल्या दाढेचा ४६. म्हणजे त्या कागदावर मला माझ्याच तोंडातली जागा कळवली होती, जी मला जिभेनं आधीच माहीत होती. जे माहीत नव्हतं ते कुठंच नव्हतं.

नऊ वर्षं दाढ मस्त चालली. ऊस सोलून खाल्ला, मटणाची नळी फोडली, सगळं केलं. मग गेल्या श्रावणात दुकानात पेरू खाताना काहीतरी हललं. दुखत नव्हतं अजिबात. जिभेनं ढकललं की किंचित डुगडुग, आणि दाबलं की तोंडात घाण चव. मी आपला दोन महिने तसाच, दुखत नाही म्हणजे काय नाही. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की खऱ्या दाताभोवती मुळाला एक पातळ गादीसारखा पडदा असतो, दातावर किती जोर येतोय ते त्याच्यामुळं कळतं, इम्प्लांटला तो नसतो, ते थेट हाडालाच चिकटलेलं असतं, त्यामुळं बिघाड झाला तरी बऱ्याचदा उशिरा कळतं. हे मला बसवतानाच कोणी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीच गेलो असतो. असो.

गेलो ज्या दवाखान्यात केलं होतं तिथं, तर त्या जागी मोबाईलचं दुकान. डॉक्टर परदेशात गेले म्हणे, चार वर्षं झाली. व्हिजिटिंग सरांचा नंबर कोणाकडं नाही.

मग सुरू झाली माझी वारी. पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, म्हणाले काळजी करू नका, इम्प्लांट घट्ट आहे, हाड पण चांगलं आहे, अबटमेंट धरणारा आतला छोटा स्क्रू ढिला झालाय फक्त, म्हणून वरची कॅप हलतेय. मी म्हटलं मग आवळा की. ते म्हणाले कुठल्या कंपनीचं आहे? कार्ड आहे का? स्टिकर? मी खिशातनं ४६ वाला कागद काढून दिला. ते हसले, पण मला काय हसू आलं नाही. दुसरे म्हणाले एक्सरेत इम्प्लांटच्या चुड्या, म्हणजे आटे, बघून दोन कंपन्यांपैकी एक वाटतेय पण खात्री नाही, आणि पाना नीट बसला नाही तर स्क्रूचं डोकं गुळगुळीत होईल, मग निघणारच नाही. हे मला पटलं, चुकीची ॲलन की लावून डोकं स्लिप झालेले बोल्ट मी रोज बघतो. तिसरे सांगलीला. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे काढून टाकू, नवीन बसवू, पंचेचाळीस हजार.

जरा थांबतो इथं. काढून टाकू म्हणजे काय तर वेळ पडली तर भोवतीचं हाड गोल कापून तो हाडातला स्क्रू बाहेर काढायचा, कारण हाडानं त्याला इतकं पक्कं धरलंय की नुसता ओढून निघत नाही. मग तो खड्डा भरायला बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, मग काही महिने थांबा, मग नवीन स्क्रू, मग परत थांबा. आणि हे सगळं कशासाठी, तर आत घट्ट बसलेल्या, एकदम तब्येतीत असलेल्या वस्तूचं नाव माहीत नाही म्हणून. इंजिन नंबर वाचता येईना म्हणून चालू गाडी भंगारात काढायची! सांगलीच्या डॉक्टरांवर माझा राग नाही, अंधारात हात घालण्यापेक्षा त्यांना ते सेफ वाटलं असेल. पण त्या दिवशी एसटीत बसून येताना मला पहिल्यांदा तुम्हा सगळ्यांना पत्र लिहावं असं वाटलं.

चौथे पुण्याचे. तरुण मुलगा, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्यानं माझ्या एक्सरेचा फोटो काढला आणि डॉक्टर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, "कोणी ओळखतं का?" म्हणून. मला म्हणाला काका चहा घ्या. अर्ध्या तासात नागपूरच्या कुठल्याशा डॉक्टरांचं उत्तर आलं, कंपनी, सिस्टीम, आणि त्या मॉडेलचा पाना कुठला ते पण. मी थक्क झालो आणि त्याचबरोबर डोकं पण फिरलं. म्हणजे आमच्या जबड्यात काय आहे हे ओळखायला तुम्ही लोकं हरवलेल्या पोरासारखा फोटो फिरवता? तो म्हणाला काका हे आठवड्यातनं दोनदा होतं, आम्हाला काय नवीन नाही.

पाना आणि नवा स्क्रू डीलरकडनं मागवला, मंगळवारी काम. ते काम मी आरशात बघत होतो कारण मला असल्या गोष्टीत लई इंटरेस्ट. कॅप वरनं सिमेंटनं चिकटवलेली होती, म्हणून तिच्या मधोमध छोटं भोक पाडलं. आतनं एक पांढरा गुंडाळा चिमट्यानं ओढून काढला. मी खूण करून विचारलं काय ते, तो म्हणाला टेफलॉन टेप. नळाला लावतात ती! स्क्रूच्या डोक्यात पुन्हा कधी पाना घालायला लागला तर डोकं बुजलेलं नको म्हणून वर ती दाबून मग सिमेंट भरतात म्हणे. म्हणजे बघा, २०१५ च्या त्या सरांनी नऊ वर्षांनी येणाऱ्या अनोळखी डॉक्टरचा विचार करून टेप दाबून ठेवली होती, इतका चांगला कारागीर माणूस, पण कंपनीचं नाव लिहायचं राहिलं. जुना स्क्रू काढला, माझ्या तळहातावर ठेवला, मनगटी घड्याळाच्या स्क्रूपेक्षा थोडाच मोठा. नवा घातला आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, लावला, तीस न्यूटन सेंटिमीटर. दहा मिनिटं थांबून परत तीस. मी तर खूश, हेड बोल्ट आम्ही असेच दोनदा आवळतो, पहिल्या आवळण्यानंतर थोडा बसतोच तो. स्क्रूचे बाराशे, कामाचे अडीच हजार, एक्सरेचे वेगळे. पंचेचाळीस हजार कुठं आणि हे कुठं.

जाता जाता त्यानं ड्रॉवर उघडून मला एक न वापरलेलं इम्प्लांट दाखवलं. बोटाच्या पेराएवढी सीलबंद डबी, आणि तिच्यावर स्टिकर. एक नाही, दोन-तीन, सोलून काढायचे. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट नंबर, एक्स्पायरी, सगळं छापलेलं. मी विचारलं हे इतके कशाला? म्हणाला एक आमच्या फाईलला, एक पेशंटला. मी विचारलं मग देता का? तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "मी देतो."

डॉक्टर लोकहो, माझी मागणी एवढीच आहे. ते स्टिकर. ते छापलेलं आहे, त्याचे पैसे आम्ही आधीच भरलेत, मागं गोंद पण लावून येतो. बऱ्याच ठिकाणी ते डबीबरोबर कचऱ्यात जात असावं.

माझ्या वडिलांना २०१८ ला सांगलीत स्टेंट टाकला. त्यांची फाईल आजही कपाटात आहे, त्यात स्टेंटचं स्टिकर चिकटवलेलं आहे, बिलात स्टेंटची ओळ वेगळी, त्यात कंपनी आणि बॅच नंबर. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावर आणली, तेव्हा पेपरात किती गाजलं होतं. दाताच्या स्क्रूबद्दल कोणाला काय पडलेलं नाही, कारण त्याच्यामुळं माणूस मरत नाही. मेडिक्लेममध्ये पण बहुतेक पॉलिसीत दात म्हटलं की अपघात सोडून काही नाही. म्हणजे सगळा खर्च आमच्या खिशातनं, आणि कागद पण नाही. शेजारी दोन हजाराच्या मिक्सरला वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय कोणी दुकानातनं हलत नाही आणि इथं जबड्यात कायमची वस्तू घेऊन माणूस "थँक्यू डॉक्टर" म्हणून घरी जातो. मी पण गेलो, हे मान्य.

वॉरंटीवरनं आठवलं. काही दवाखान्यांच्या बोर्डावर "लाइफटाइम वॉरंटी" असतं. पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले ती बहुतेक वेळा कंपनीनं डॉक्टरला दिलेली असते, इम्प्लांट फेल गेलं तर कंपनी तो स्क्रू बदलून देते, ऑपरेशनचा खर्च, कॅप, ग्राफ्ट त्यात धरलेलं नसतं. आणि ती मागायला पण लॉट नंबर लागतो. म्हणजे परत तेच स्टिकर.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या बायकोनं दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात येऊन इम्प्लांट करून घेतलं, तिकडच्या मानानं स्वस्त पडतं म्हणून बरेच जण करतात. परत गेल्यावर तिकडच्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, कार्ड कुठाय? तिकडं युरोपात कायदाच आहे, २०१७ चा, २०२१ च्या मे पासून लागू झाला, शरीरात बसवलेल्या वस्तूचं कार्ड पेशंटच्या हातात द्यायलाच लागतं. फिलिंग, ब्रेसेस, कॅप यांना त्यातनं सूट आहे, इम्प्लांटला नाही. तिनं पुण्याला फोन लावला, इथल्या रिसेप्शनिस्टनं सांगितलं "मॅडम, चांगल्या कंपनीचं आहे." चांगल्या कंपनीचं! काळ्या रंगाची गाडी!

आता तुम्ही काय म्हणणार ते पण मला माहितीये, कारण पुण्यातनं आल्यावर मी गावातल्या दोन-तीन ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो. एक म्हणाले, पेशंट कार्ड हरवतात हो. हरवतात, खरंय, आरसी पण हरवतात. म्हणून स्टिकरचा फोटो काढून व्हॉट्सॲप करा, एक्सरे तरी पाठवताच की त्याच नंबरवर. दुसरे जरा मोकळेपणानं बोलले, मला आवडलं ते. म्हणाले, नाव कळलं की पेशंट गूगलवर किंमत बघतो आणि म्हणतो पाच-सात हजाराची वस्तू आणि तुम्ही तीस-चाळीस हजार लावता? ही भीती मला समजते, माझ्याकडं पण गिऱ्हाईक ऑनलाईनचा भाव दाखवतो. पण डॉक्टर, आम्ही इतके काय येडे नाही. क्लच प्लेट चारशेची आणि बसवायचे सहाशे घेतले तर लोकं देतात, कारण हात कोणाचा आहे ते त्यांना कळतं. तुम्ही हाडात नर्व्हच्या वर दोन मिलिमीटर जागा सोडून भोक पाडता, वरच्या जबड्यात सायनसची पोकळी वाचवता, ती किंमत स्क्रूची नाही हे समजावून सांगा, ज्याला कळायचं त्याला कळेल. नाव लपवून मात्र उलटं होतं, माणसाला वाटतं काहीतरी लोकल घातलंय. आणि खरंच स्वस्तातलं घातलं असेल तरी हरकत नाही, फक्त सांगा कुठलं.

तिसरी अडचण खरी आहे, ती म्हणजे व्हिजिटिंग सरांची. दवाखान्याच्या डॉक्टरांनाच कंपनी माहीत नसते, पेटी सरांची, डबी सरांनी उघडली, सर गेले. यावर उपाय दवाखान्यानंच करायचा, पेशंट तुमचा आहे. डबी उघडली की स्टिकर आधी केसपेपरवर, मग ड्रिल हातात. तुमची असिस्टंट मुलगी दोन सेकंदात करेल ते.

स्टिकरखाली चार ओळी हातानं लिहिल्यात तर फारच उपकार. कुठल्या दाताच्या जागी ते (४६ च्या पुढं मराठीत "खाली उजवीकडं" असं पण लिहा), तारीख, ग्राफ्ट घातला असेल तर कुठला, अबटमेंट कुठलं, कॅप सिमेंटवर आहे का स्क्रूवर, आणि किती टॉर्कला आवळलंय. आणि खाली एवढं, "हललं तर दुखत नसलं तरी लगेच या". शुगरवाल्याला आणि तंबाखू-मिश्रीवाल्याला हिरडीचं वेगळं सांगा, कारण इम्प्लांटला कीड लागत नाही हे ऐकून लोकं ब्रश पण सोडतात, आणि मग भोवतीचं हाड झिजून चांगलं इम्प्लांट जातं. आमच्या गल्लीतच एकाचं गेलंय, त्याला वाटलं होतं धातूला काय होतंय.

त्या पुण्याच्या पोरानं मला चहा पिताना एक गोष्ट सांगितली होती ती डोक्यातनं जात नाही. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क म्हणून डॉक्टर होते, १९५२ च्या सुमारास ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून आतलं रक्त कसं वाहतं ते बघत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले, निघेना. हाडानं धरून ठेवलेली. तिथनं हे सगळं सुरू झालं. १९६५ ला त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाला खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवली, आणि तो माणूस २००६ ला वारला तोवर ती चालू होती. चाळीस वर्षं! म्हणजे तुम्ही बसवता ती वस्तू तुमच्या दवाखान्याच्या भाडेकरारापेक्षा, तुमच्या प्रॅक्टिसपेक्षा, कधी कधी तुमच्यापेक्षा पण जास्त टिकणार आहे. रागावू नका, पण मग ती कुठली आहे हे फक्त तुमच्या डोक्यात ठेवून कसं चालेल? लार्सनचे डॉक्टर जगप्रसिद्ध होते, त्यांना शोधायला अडचण नव्हती. माझ्या डॉक्टरांच्या जागी मोबाईल कव्हर विकतात.

दंत परिषदेतली कोणी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना पण सांगणं आहे की याचा नियम करा, कार्ड दिल्याशिवाय शेवटचा हप्ता घ्यायचा नाही असा. पण खरं सांगू का, नियमाची वाट बघायची गरज नाही, ही गोष्ट उद्या सकाळपासून सुरू होऊ शकते.

आता शेवटचं. माझी डावीकडची दाढ पण आता गेली, तीच, ३६ नंबर, आता नंबर पाठ झालेत. इथंच कराडला करून घेणार आहे. डॉक्टरांना मी आधीच सांगितलंय, पैसे तुम्ही म्हणाल ते, पण डबी माझ्यासमोर उघडायची. ते हसले, म्हणाले सरांना सांगून ठेवतो. माझ्या दुकानात गाड्यांची एक जुनी वही आहे, गिऱ्हाईकाचं नाव, गाडी, चेसिस नंबर, कुठला पार्ट कधी टाकला. तिचं शेवटचं पान मी मोकळं केलंय, वर ४६ ची माहिती उतरवली, खाली जागा सोडलीये. सर येत्या रविवारी येणारेत. वही घेऊन जातोय.

आपला,
एक स्पेअर पार्टवाला,
कराड